दुखत नाही, म्हणून

पहिल्या बाळंतपणाला मुलीने माहेरी यावे, ही रीत आमच्या लाटंबार्शात अजून मोडलेली नाही. २०२३ च्या पावसाळ्यात आमची कन्या सातव्या महिन्यात बडोद्याहून आली, ती विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीचा कागद घेऊनच. ‘वार खाली आहे’, हा त्याचा मथितार्थ. गर्भाशय वाढते तशी बहुतेकींची वार वर सरकते. म्हणून बत्तिसाव्या आठवड्यात पुन्हा पाहावयाचे असते. म्हापशास पाहिले. वार गर्भाशयाच्या मुखावरच होती. डॉक्टरीणबाईंनी बजावले, “रक्ताचा डाग दिसला, की दुखो वा न दुखो, तत्काळ रुग्णालय गाठा. आणि वार कोठे आहे हे कळल्यावाचून कोणालाही आतून तपासू देऊ नका.”

आमच्या मातोश्रींची चिंता निराळी होती. नाळ बाळाच्या गळ्याभोवती पडेल, म्हणून त्या नातीला गुरांचे दावेसुद्धा ओलांडू देत नसत. वास्तविक चार-पाच बाळांतील एकाच्या गळ्यात नाळेचा वेढा असतोच, आणि बहुधा तो निरुपद्रवी असतो. भ्यावे ते नाळेच्या उघड्या रक्तवाहिन्या मुखावरून गेल्या असल्यास. तेथे वाहते ते बाळाचेच रक्त. आमच्या सुदैवाने कलर डॉपलरमध्ये तसे काही निघाले नव्हते.

दहा-बारा दिवसांनी मध्यरात्री कन्येने हाक मारली. अंथरूण भिजले होते. “दुखतंय का गो?” मातोश्रींनी विचारले. नाही म्हणताच त्या निश्चिंत झाल्या, “मग सकाळी बघू.” सांगण्यास लाज वाटते, पण आम्हीही मान डोलावली. बाहेर पाऊस कोसळत होता, एवढेच आमचे समर्थन. मुख सैल होऊ लागले की तेथे चिकटलेली वार सुटते आणि रक्त वाहते. कळ येतेच असे नाही, हे सारे ऐकून आम्ही विसरलो होतो. कन्या विसरली नव्हती. तिने स्वतःच १०८ ला फोन केला.

अस्नोडा, म्हापसा, मांडवीचा पूल, आणि मग बांबोळीचे गोमेकॉ. रक्त चढवले, बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शने दिली. रक्तस्राव थांबला, परंतु घरी सोडले नाही. वाड्यावरची चार मुले रक्त देऊन आली. छत्तीस आठवडे भरल्यावर शस्त्रक्रियेने मुलगी झाली.

तिच्या गळ्यात नाळेचा एक वेढा होता. अबोलीचा वळेसर उतरवावा तसा तो डॉक्टरांनी अलगद काढला म्हणे. मातोश्रींना हे आम्ही अद्याप सांगितलेले नाही.