यवतमाळची थंडी आणि आमची मोटार

विदर्भाबाहेरच्या माणसाला यवतमाळ म्हटले की दोनच गोष्टी आठवतात. एक कापूस, दुसरे ऊन. पुण्याचे पाहुणे दिवाळीनंतर यायचे ठरवतात तेव्हा आधी विचारतात, "पंखे आहेत ना?" मग येतात, गच्चीवर झोपायचा हट्ट धरतात आणि पहाटे चारला रजई मागत खाली उतरतात! यवतमाळ हे पठारावरचे गाव, समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास. समुद्र दूर, आकाश निरभ्र. दिवसभर तापलेली काळी जमीन रात्री सारी ऊब सोडून देते. उत्तरेचा वारा सुटला की डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खालीही जातो, आणि त्याच दिवशी दुपारी स्वेटर काढून हातावर घ्यावा लागतो.

माणसाला निदान स्वेटर असतो. मोटारीला कोण विचारतो?

थंडीसाठी मोटार तयार करायची ती काश्मीर-सिमल्याकडे, असा आमच्याकडे समज आहे. रेडिएटरमधले पाणी इथे गोठणार नाही, हे खरेच. पण ज्या गाडीने मे महिन्यात पंचेचाळीस अंश सोसले, तिलाच डिसेंबरच्या पहाटे दहा अंशांत उठवायचे असते.

गेल्या वर्षी मावशीच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायला नागपूरला जायचे होते. सकाळी आठची वेळ मिळालेली. म्हणजे साडेचारला निघणे आले. आदल्या आठवड्यात गाडी मिस्त्रींकडे नेली. त्यांनी बॅटरीला मीटर लावले आणि मान हलवली.

"भाऊ, हे बदला."

"पण अजून तर गाडी सुरू होते की! थंडी पडली तर बघू."

"थंडीनं नाही मरत जी बॅटरी. थे तं मे महिन्यातच मेली. थंडीत फक्त कळते."

हे वाक्य मी घरी येऊन दोघा-तिघांना ऐकवले. कारण त्यात अख्खे शास्त्र आहे. बॅटरीचे आयुष्य खाते ते ऊन. आतली रासायनिक झीज उष्णतेने झपाट्याने होते. पण गरम हवेत उरलीसुरली ताकदही इंजिन फिरवायला पुरते, म्हणून झीज लपून राहते. थंडीत बॅटरीची शक्ती उतरते, त्याच वेळी इंजिनातले तेल घट्ट होते आणि ते फिरवायला जोर जास्त लागतो. मग पहाटे चारला किल्ली फिरवली की नुसते 'टक्' होते. बॅटरी बदलली.

तेलाचे तसे आता सोपे झाले आहे. पूर्वी उन्हाळ्याचे तेल जाड आणि हिवाळ्याचे पातळ, असा भेद असे. २०१४ साली अँबेसेडरचे उत्पादन थांबले. त्या पिढीच्या गाड्यांना पहाटे चोक ओढावा लागे, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर शेजाऱ्यांना धक्का द्यायला उठवावे लागे. थंडीतल्या त्या धक्क्यांनी आमच्या आळीत जेवढा स्नेह वाढला तेवढा हळदीकुंकवानेही वाढला नसेल! आजचे तेल दोन्ही ऋतूंना चालते, फक्त वेळेवर बदलावे लागते.

टायरमधली हवा मात्र अजून लोकांना फसवते. पाच-सहा अंश उतार पडला की साधारण एक पौंड दाब कमी होतो. दुपारी, गाडी चालवून टायर तापल्यावर हवा पाहिली की ती पुरेशी दिसते. पहाटे तीच कमी भरते. म्हणून हवा सकाळी, गार टायरात पाहावी. आणि बॉनेट उघडून आत डोकवावे. शेते रिकामी झाली की उंदीर उबेला येतात आणि तारा कुरतडतात. त्यावर तंबाखूपासून डांबराच्या गोळ्यांपर्यंत उपाय ऐकले. माझा विश्वास रोज टॉर्च मारून पाहण्यावर आहे.

निघताना मिस्त्रींनी पुढचे दिवे पुसून, त्यांची दिशा नीट करून दिली आणि लाल चमकपट्टीची एक गुंडाळी हातात ठेवली. "मागं लावा. धुक्यात कामाची."

ठरल्याप्रमाणे साडेचारला निघालो. गाडी एका किल्लीत सुरू झाली. आत चौघे जण, काचा बंद. दहा मिनिटांत पुढची काच आतून पांढरी. मी एसी लावला तशी मावशी शालीतून ओरडली, "अरे बाळू, मारतोस की काय मला थंडीत?" एसी हवेतला दमटपणा काढून घेतो, सोबत गरम हवा सोडली की काच लगेच स्वच्छ होते, हे तिला कळंब येईपर्यंत समजावत होतो. कळंबच्या चिंतामणीला, तिथे पायऱ्या उतरून खाली जावे लागते, तिने गाडीतूनच हात जोडले. काच स्वच्छ झाली होती, एवढे तिने मान्य केले. थंडीबद्दलचे मत बदलले नाही.

पुढे रस्ता वर्धा नदीकडे उतरतो, आणि तिथे धुके होते. हे दिवस कापसाचे. दसरा-दिवाळीला वेचणी सुरू होते, पहिल्या वेचणीला शेतात सीतादही होते, आणि मग पुढचे काही महिने बंड्या, ट्रॅक्टर, ट्रक सगळे कापूस घेऊन बाजाराकडे. रस्त्याकडेच्या बाभळींनाही बोंडे लागल्यासारखी दिसतात. मोठा दिवा लावला तर धुके भिंतीसारखे उजळते, म्हणून खालचा दिवा ठेवून हळू चाललो होतो. एकाएकी पुढे, जमिनीपासून हातभर वर, एक लाल ठिणगी दिसली. विडी! मी ब्रेक दाबला. कापसाने शिगोशीग भरलेली बंडी रस्त्याच्या मध्यावर उभी होती, मागे ना कंदील ना काही. चाकाशी उकिडवा बसून गाडीवान जोखडाची दोरी वळत होता.

काच धुरकट असती, तर ती ठिणगी दिसली नसती.

चमकपट्टीची उरलेली गुंडाळी काढून बंडीच्या मागच्या फळीवर आडवी लावली. गाडीवानाने अंगठ्याने ती चाचपली. "याचे पैसे किती जी?"

मावशीने खिडकी खाली केली, तीही स्वतः, थंडी असून, आणि पिशवीतून चकल्यांची पुडी काढून त्याच्या हातात दिली. "पैसे कसले? खा. आणि हे बघ बाबा, विडी कापसापासून लांब ओढ."

पूल ओलांडेपर्यंत उजाडायला लागले होते. एसी बंद करायचे तिने मला आणखी दोनदा सांगितले.