एदोगावातली घरे

नारिता विमानतळावरून टोकियोत शिरताना पाहुण्याची पहिली निराशा होते ती डोक्यावरच्या तारांमुळे. विजेचे खांब, रोहित्रांचे डबे आणि गल्लीभर लोंबणारे जंजाळ. बांधकामाची गुणवत्ता पाहायची तर नजर एखाद्या चालू कामाकडे वळवावी लागते. साध्या दुमजली घराचीही परांची पूर्ण झाकलेली असते. काम सुरू होण्याआधी ठेकेदाराचा माणूस शेजाऱ्यांकडे जाऊन वेळापत्रक सांगतो, छोटासा पंचा भेट देतो आणि होणार असलेल्या त्रासाची माफी आधीच मागून ठेवतो. मोठ्या कामांवर दिवसाची सुरुवात रेडिओच्या तालावरील सामूहिक व्यायामाने होते. फाटकावरचा, बहुधा साठी उलटलेला रक्षक पादचाऱ्याला वाकून वाट करून देतो.

एवढ्या निगुतीने उभे राहिलेले घर लाकडी सांगाड्याचे असते आणि ते पिढ्यान्‌पिढ्या टिकावे अशी अपेक्षा नसते. करआकारणीसाठी लाकडी घराचे आयुष्य २२ वर्षे धरतात, काँक्रीटच्या इमारतीचे ४७. किंमत असते ती जमिनीला; जुने घर पाडून नवे बांधणे ही नित्याची गोष्ट आहे. याचे एक कारण भूकंपाचे बदलते नियम. १९७८च्या मियागी भूकंपानंतर १९८१ साली नवी संहिता आली. मोठ्या धक्क्यात इमारतीला तडे गेले तरी चालतील, पण ती माणसांवर कोसळता कामा नये, हे तिचे सूत्र. १९९५ साली कोबे परिसरातल्या भूकंपात सहा हजारांवर माणसे दगावली, त्यांतली बहुतेक जुन्या घरांखाली चिरडून. त्यानंतर २००० साली लाकडी घरांच्या सांध्यांतले धातूचे जोड आणि भिंतींची समतोल मांडणी यांचे नियम कडक झाले.

राहायला मात्र ही घरे तितकीशी सुखाची नाहीत. भिंती पातळ, जुन्या खिडक्यांना एकेरी काच; जानेवारीत घरात श्वासाची वाफ दिसते. नव्या घरांना उष्णतारोधनाचे किमान निकष सक्तीचे झाले ते थेट एप्रिल २०२५मध्ये. भूकंपाचा एवढा बारकाईने विचार करणाऱ्यांनी थंडी अंगावर काढावी, हे कोडेच आहे. न्हाणीघर मात्र लाजवाब: कारखान्यात बनवलेल्या भागांचे, जुळवून बसवलेले, म्हणून न गळणारे. खालच्या मजल्याच्या छताला ओल येण्यावरून होणारी भांडणे पाहिलेल्या मराठी माणसाला त्याचे मोल सांगावे लागत नाही. गॅसचा मीटर जोरदार धक्का जाणवताच पुरवठा आपोआप तोडतो. संध्याकाळी वस्तीतल्या भोंग्यांवर वाजणारी धून मुलांना घरी बोलावते आणि आपत्तीच्या सूचना देणारी तीच यंत्रणा रोज तपासलीही जाते.

टोकियोच्या पूर्वेकडील एदोगावा विभागातल्या निशि-कासाई भागात संगणकक्षेत्रातली भारतीय कुटुंबे २०००च्या सुमारास मोठ्या संख्येने आली. त्यांत मराठीही आहेत. महाराष्ट्रात वाढलेले योगेंद्र पुराणिक २०१९ साली या विभागाच्या सभेवर निवडून आले. इथल्या निमसरकारी गृहसंस्थेच्या इमारतींत जामीनदार लागत नाही, घरमालकाला परत न मिळणारी रक्कमही द्यावी लागत नाही. परक्यांना हे सोयीचे पडते. पण भूजलाच्या उपशाने खचलेला या विभागाचा बराचसा भाग भरतीच्या पातळीखाली आहे. म्हणूनच एदोगावाने २०१९ साली घरोघर वाटलेल्या पूरनकाशाच्या मुखपृष्ठावर, येथे थांबू नका, असे स्पष्ट बजावले होते: महापूर आला तर इमारत कितीही भक्कम असली तरी पाणी आठवडाभराहून अधिक काळ ओसरणार नाही, तेव्हा विभागाबाहेर आधीच निघून जावे.