सनीवेल : वेष्टनावरील चित्रकला

कॅलिफोर्नियांतील सनीवेल गांवाभोंवतीं एके काळीं जर्दाळूच्या बागा होत्या; आज तेथें संगणकाच्या धंद्याच्या कचेऱ्या आहेत. पाहण्यासारखें असें तेथें फारसें कांहीं नाहीं. तरीहि आम्हीं वाट वांकडी केली, ती एका उपेक्षित चित्रकलेसाठीं.

येथल्या अटारी कंपनीनें १९७७ सालीं घरच्या टेलिव्हिजनवर खेळावयाचें यंत्र विक्रीस काढलें. त्याची स्मरणशक्ति अवघी १२८ बाइटांची! पडद्यावर दिसत ते बहुधा चौकोनी ठिपके. १९८० च्या ‘ॲडव्हेंचर’ खेळांतील वीरपुरुषहि एक साधा चौकोनच. मग मुलांना किल्ला दिसला कोठें? पेटीच्या वेष्टनावर! तें चित्र सुसान जेकेल या बाईंनीं रंगविलें. ‘कॉम्बॅट’चे रणगाडे क्लिफ स्पोन यांनीं. यंत्राचें उणें कुंचल्यानें भरून काढलें.

छपाई झाल्यावर मूळ चित्राची आठवण कोणास? कित्येक चित्रें गहाळ झालीं. उरलेल्यांपैकीं कांहीं हौशी संग्राहकांनीं जपलीं. उलट १९८३ सालीं न्यू मेक्सिकोच्या वाळवंटांत पुरलेल्या अटारीच्या खेळांपैकीं एक डबी २०१४ सालीं उकरून निघाली व स्मिथसोनियन संग्रहालयांत मानानें बसली! डबीस जो मान मिळाला, तो तिला रूप देणाऱ्या कुंचल्यास कां मिळूं नये, हा विचार करीतच आम्हीं सनीवेल सोडलें.