कळलावी

अर्धापूरच्या माणसानें सावलींतल्या रानफुलांवर लिहावें हें जरा विपरीतच दिसेल. आमच्या गांवाची कीर्ति केळीची. पैनगंगेवरील इसापूरच्या धरणाचें पाणी कालव्यानें आलें आणि केळीच्या पलटणी जिकडेतिकडे उभ्या राहिल्या. केळ नसेल तेथें हळद. अशा गांवांत ज्या झाडाखालीं कांहीं पिकत नाहीं तें झाड म्हणजे उपद्रवच! आमच्या सामाईक बांधावर असे चार आंबे होते. वांटणीनंतर ते तोडावे कीं राखावे यावरून दादांचें व माझें बोलणें तुटलें. "या सावलींत पसाभर तरी कांहीं येतें का?" असें त्यांनीं विचारलें, आणि "येईल, तीन पावसाळे थांबा," असें मीं हट्टानें उत्तर दिलें. काय येईल हें मलाही ठाऊक नव्हतें.

शेजारच्या एका बांधावर बोरीच्या जाळींत कळलावी असे. तो बांध यंत्रानें सपाट होणार असें कळलें, तेव्हां मीं तिचे सहा कंद उकरून आणले. एका परिचिताच्या परसांतून भुईचाफ्याचे गड्डेही मागून घेतले. कंद पाहतांच आत्या म्हणाली, "अरे, नांवांतच कळ आहे तिच्या! भावाभावांत आधींच काय कमी लागलें आहे?" वस्तुतः ही कळ प्रसूतीची, कंदाच्या त्या जुन्या ख्यातीवरून नांव पडलें असें सांगतात. पण आत्याला तें कोण पटविणार?

पाणी हाताशीं असलें कीं माणसाला दयेचा उमाळा येतो. कार्तिकांत वेली वाळल्या. तहानेनें मेल्या असें समजून मीं केळीची नळी ओढून सबंध हिंवाळाभर त्यांना पाणी पाजलें. फाल्गुनांत उकरून पाहतों तों चार कंदांचा नुसता चिखल! केळ बारमाही तहानलेली. हीं रानफुलें मात्र पावसाळ्याचे चार महिने जगून उरलेले आठ महिने जमिनीखालीं निजतात, आणि त्या निजेंत त्यांना कोरडेपणाच हवा असतो. आमच्या काळ्या मातीला तर ओल सोडवतच नाहीं. म्हणून नव्या जागेंत मीं मुरूम व आंब्याचाच कुजलेला पाला मिसळला आणि उरलेले दोन कंद आडवे ठेवले. हा कंद नांगरासारखा दुफांटा असतो. त्यावरूनच संस्कृतांत तिला लांगली म्हणतात. कोंब फांट्याच्या शेंड्याशींच फुटतो आणि शेंडा विलक्षण ठिसूळ. एक माझ्या हातून मोडलाच.

पुढें मीं कांहींच केलें नाहीं. बागाइताच्या मुलाला याहून अवघड काम दुसरें नसेल.

वैशाखांत पानांच्या आधीं भुईचाफ्याचें पांढरें-जांभळें, सुगंधी फूल थेट मातींतून वर आलें. मृगानंतर कळलावी निघाली. तिच्या पानाचें टोंकच वळून आधार धरतें. मूळ सावलींत आणि माथा उन्हांत ही तिची आवड. त्यामुळें ती आंब्याखालून निघून कडेच्या बोरीवर चढली आणि उजेडांत गेली. श्रावणांत फुलली. मागें उलटलेल्या पाकळ्या आधीं पिवळट हिरव्या, मग पिवळ्या, शेवटीं निखाऱ्यासारख्या लाल. एकाच वेलीवर तिन्ही रंग. कोंकणांत हीं फुलें गौरीला वाहतात. आमच्या महालक्ष्म्यांपुढें तीं ठेवावीं असें माझ्या मनांत आलें होतें, पण आत्यापुढें बोलण्याचा धीर झाला नाहीं.

तिसऱ्या भाद्रपदांत दादा बांधावर आले. बराच वेळ ते नुसते पाहत उभे राहिले.

"बैलानें खाल्लें तर?"

"सारी वेलच विषारी आहे; कंद तर फारच."

"मग कुंपण नको का?"

दुसऱ्या दिवशीं बाभळीच्या फांद्या त्यांनींच आणून टाकल्या. आंबे त्यांनीं पुढें दोन तोडले, दोन राहिले. तोडलेल्यांच्या जागीं आतां केळ आहे. तिचें पाणी कंदांकडे झिरपूं नये म्हणून मधें एक चर खणला आहे, आणि दरवर्षीं मृगापूर्वीं आम्ही दोघे मिळून तो उपसतों.