अडुसष्ट लिंगे आणि वीस स्टेशने

सोलापूर हे हौसेने सहलीला जाण्याचे गाव आहे, असे खुद्द सोलापूरकरही म्हणणार नाही. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर अशा देवस्थानांकडे जाताना गाडी बदलण्याचे ठिकाण, एवढीच परगावच्या माणसाला त्याची ओळख. स्टेशनवर उतरावे, चहा घ्यावा, एक चादर आणि शेंगाचटणीची पुडी पिशवीत टाकावी आणि ऊन चढण्यापूर्वी पुढची एस. टी. गाठावी, असा बहुतेकांचा परिपाठ. तथापि ज्याला एखादे शहर पायी फिरून समजून घ्यावयाचे आहे, त्याने जानेवारीत, ऐन गड्ड्याच्या यात्रेत येथे यावे.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी सिद्धेश्वराचे सात नंदीध्वज मिरवणुकीने निघतात. पांढरी बाराबंदी घातलेली माणसे ते उंच, जड ध्वज कमरेला तोलून धरतात आणि नगरप्रदक्षिणा करतात. या प्रदक्षिणेत शहरभर विखुरलेल्या अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी ही लिंगे स्थापिली आणि हजारो माणसांचे हात लावून येथले तळे खोदविले, अशी परंपरा आहे. देव मध्ये तळ्यात बसला आहे, तेव्हा साऱ्यांनी तेथवर चालत यावे, असे सिद्धरामांनी म्हटले नाही. त्यांनी गावाच्या चारी दिशांना लिंगे नेऊन ठेविली. आणि गंमत अशी की, आठशे वर्षे झाली तरी ती सांभाळली जात आहेत. कारण ध्वजांचे मान निरनिराळ्या समाजांकडे वाटून दिलेले आहेत. ज्याचा मान, त्याची काळजी!

वाचक म्हणतील, हे देवधर्माचे पुराण कशाला? तर सांगावयाचे आहे ते एका सरकारी आकड्याविषयी. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली विजेवर चालणाऱ्या वाहनांसाठी धोरण जाहीर केले. २०२५ पर्यंत कोणत्या शहरात किती सार्वजनिक चार्जिंग स्टेशने व्हावीत, याची त्यात वाटणी होती. मुंबई १५००, पुणे ५००, नागपूर १५०, नाशिक १००, औरंगाबाद ७५, अमरावती ३० आणि सोलापूर २०. पंक्तीत अगदी शेवटचे पान आपले! याच धोरणात चार महामार्ग विजेच्या गाड्यांसाठी सज्ज करावयाचे होते. ते मुंबई, पुणे, नाशिक आणि नागपूर यांना जोडणारे. पुणे-सोलापूर रस्ता त्यात नव्हता.

हा वीसचा आकडा आला कोठून, हे धोरणात सांगितलेले नाही. परंतु कागद-पेन्सिल घेऊन बसले की एक गणित जुळते. शहरात तीन किलोमीटर लांब आणि तीन किलोमीटर रुंद अशा प्रत्येक चौकोनात निदान एक स्टेशन असावे, असा तेव्हा केंद्र सरकारचा दंडक होता. सोलापूर महापालिकेची हद्द सुमारे १७८ चौरस किलोमीटरांची. तिला नवांनी भागा. उत्तर जवळजवळ वीस येते. नकाशावर चौकोन आखले, मोजले आणि आकडा मांडला, असेच झाले असेल तर नवल नाही. नकाशाला चौकोन दिसतात. चौकोनात राहणारी माणसे दिसत नाहीत. २०११ च्या खानेसुमारीत या हद्दीत साडेनऊ लाख माणसे होती, आणि ती सारखी पसरलेली नव्हती.

गेल्या वर्षी सुट्टीत मी हे चौकोन पायी पाहण्याचे ठरविले. सात रस्ता, होटगी रोड, जुळे सोलापूर या बाजूला बंगले आहेत. बंगल्याला अंगण आहे, अंगणात मोटार आहे आणि मोटारीजवळ भिंतीत विजेची खोबण आहे. अशा माणसाला सार्वजनिक स्टेशन लागते ते परगावी जाताना. त्याची सोय हमरस्त्यावरच्या पेट्रोल पंपांवर आणि हॉटेलांत हळूहळू होऊ लागली आहे. केंद्राने २०२३ साली तीन सरकारी तेल कंपन्यांना देशभर ७,४३२ जलद चार्जर बसविण्यासाठी ८०० कोटी रुपये मंजूर केले होते. चार्जर पंपावर आले ते त्या वाटेने.

मग अशोक चौकाकडून पूर्वभागात शिरावे. येथे पावलागणिक भाषा बदलते. एका ओट्यावर तेलुगू, दुसऱ्यावर कानडी, आणि भांडण मात्र मराठीत! यंत्रमागांची खडखड दिवसभर चालू. घरे दोन खोल्यांची, दार उघडले की रस्ता. अशा एका घरासमोर विजेची रिक्षा उभी होती आणि खिडकीच्या गजांतून आलेली लांब वायर तिच्यात खुपसलेली होती. वायरीवर कोणी पाय देऊ नये म्हणून तिच्यावर एक पोते टाकलेले. मी थांबलेला पाहून मालक बाहेर आला.

"काय बघायलाव सर?"

"चार्जिंग रोज इथेच करता का?"

"मग कुठं करणार? रात्री लावतो, पहाटे काढतो. शेजारी म्हणतंय, पोरं खेळतेत, वायर काढ. घरमालक म्हणतंय, मीटर माझं हाय. पेट्रोल परवडंना म्हणून ही घेतली सर. गाडी चांगली हाय. जागा नाही बघा."

त्याच्या या शेवटच्या दोन वाक्यांत सारा प्रश्न आला. अशा रिक्षेच्या बॅटरीला सात-आठ युनिटे वीज लागते, स्कूटरला तीनेक. एवढे काम घरच्या १५ अँपिअरच्या साध्या खोबणीतून रात्रभरात सहज होते. मोटारींसाठी बसविलेला ५०-६० किलोवॅटचा जलद चार्जर म्हणजे एका अख्ख्या गल्लीचा भार. त्याला नवी डी.पी. हवी, जाड केबल हवी, जागा हवी. रिक्षावाल्याला यांतले काहीच नको. त्याला हवी आहे पाऊसपाण्यापासून आडोसा असलेली, स्वतंत्र मीटरची आणि रात्री रिक्षा निर्धास्तपणे ठेवता येईल अशी जागा. तीही घरापासून हाकेच्या अंतरावर.

अक्कलकोट रस्त्याने तसेच पुढे, शहराबाहेर कुंभारीला गेलो. येथे विडी कामगार स्त्रियांची गोदूताई परुळेकर वसाहत आहे. दहा हजार घरांची ही वसाहत २००६ साली पुरी झाली. तिच्या जवळच असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचे रे नगर उभे राहिले, आणि त्यातल्या १५,००० घरांचे लोकार्पण १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. एवढी वस्ती म्हणजे एक तालुक्याचे गावच! येथल्या माणसाचे काम शहरात आणि निजणे येथे. रोजच्या जाण्यायेण्याचे भाडे हाच त्याच्या संसारातला मोठा खड्डा. विजेच्या रिक्षेचा आणि स्कूटरचा खरा उपयोग कोणाला असेल, तर तो या माणसाला. परंतु ही वस्ती पालिकेच्या हद्दीबाहेर आहे. शहराच्या नकाशावरचे चौकोन तिच्या अलीकडेच संपतात.

आता पैशाची गोष्ट. पैसा नाही, अशी तक्रार आज करता येणार नाही. राज्याच्या २०२१ च्या धोरणात साध्या चार्जरला किमतीच्या ६० टक्के, पण दहा हजार रुपयांपर्यंत, आणि जलद चार्जरला ५० टक्के, पण पाच लाखांपर्यंत मदत होती. केंद्राची पी. एम. ई-ड्राइव्ह योजना १ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झाली. तिच्यात सार्वजनिक चार्जिंगसाठी २,००० कोटी रुपये राखून ठेवले आहेत. त्यातून मोटारींसाठी २२,१००, बसगाड्यांसाठी १,८०० आणि दुचाकी-तिचाकींसाठी ४८,४०० चार्जर व्हावयाचे आहेत. म्हणजे सरकारच्याच हिशेबात मोठा वाटा लहान गाड्यांचा आहे. २०२५ मध्ये या योजनेचे जे नियम निघाले, त्यांत सरकारी कार्यालये, दवाखाने, शिक्षणसंस्था यांच्या आवारात चार्जर बसविल्यास, तो सर्वांना खुला ठेवण्याच्या अटीवर, १०० टक्के खर्च द्यावा असे म्हटले आहे. केबल, डी.पी. आणि यंत्र, सारेच त्यात आले. राज्याने २०२५ मध्ये नवे धोरणही मंजूर केले. ते २०३० पर्यंत चालावयाचे आहे.

विजेचीही वाण नाही. शहराजवळ एन.टी.पी.सी.चे १,३२० मेगावॅटचे वीजकेंद्र आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेचे वीजजाळे बाकीच्या भारताला जोडले गेले, ते रायचूर-सोलापूर या ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीने. साऱ्या देशाची गाठ जेथे मारली गेली, त्या गावात रिक्षावाला खिडकीतून वायर काढतो! वीज शेकडो कोस आली आणि शेवटच्या पन्नास पावलांवर अडली.

ती पन्नास पावले कोणी चालावयाची? अनुदान मिळते ते उभारणीला. उभारणीनंतर महिन्याच्या महिन्याला वीजबिलातला स्थिर आकार भरावा लागतो, गाड्या येवोत न येवोत. खोबण तुटते, केबल चोरीला जाते, पावसात पेटी बंद पडते. ज्या गावाने वर्षानुवर्षे नळाच्या पाण्याची पाळी घोकत दिवस काढले, त्याला हे सांगावयास नको. उद्घाटनाला नारळ फोडणारे पुष्कळ असतात; सहा महिन्यांनी फ्यूज बदलणारा लागतो, तो सापडत नाही.

सोलापूरने भांडवल येताना पाहिले आहे आणि जातानाही. १८७७ मध्ये येथे पहिली कापडगिरणी, आमची जुनी मिल, निघाली. पुढे नरसिंगगिरजी, लक्ष्मी-विष्णू अशा गिरण्या गाजल्या. एकेकाळी भोंग्यावर घड्याळे लावणाऱ्या गावात आता ते भोंगे नाहीत. गिरण्या मालकांच्या होत्या. मालकांना परवडेनाशा झाल्या, बंद पडल्या. तळे मात्र साऱ्यांचे होते, ते राहिले. यावरून सार्वजनिक ते सारे टिकते असे मुळीच नाही. तसे असते तर पालिकेचे प्रत्येक नळकोंडाळे आज वाहते असते. टिकते ते, ज्याचा मान कोणाला तरी नेमून दिलेला असतो.

म्हणून मला वाटते, स्टेशने वीस की चाळीस, हा वाद आपण थोडा बाजूला ठेवावा. पूर्वभागात महापालिकेच्या शाळा आहेत. त्यांची पटांगणे संध्याकाळनंतर रिकामी असतात आणि रिक्षेला वीज हवी असते ती नेमकी रात्री. पूर्ण खर्चाच्या नियमात ही पटांगणे बसवून घ्यावीत. प्रत्येक पटांगणात एक मोठे यंत्र मांडण्याऐवजी दहा-बारा साध्या खोबणी असाव्यात, प्रत्येकीला मीटर असावे. रिक्षावाल्यांच्या संघटनेने, नाहीतर वस्तीतल्या बचत गटाने ती जागा चालवावी, युनिटमागे थोडा आकार घ्यावा आणि त्यातून दुरुस्ती करावी. वीज भरून देण्यास विद्युत कायद्याखालचा परवाना लागत नाही, असा खुलासा केंद्राने २०१८ सालीच केलेला आहे. सार्वजनिक चार्जिंगसाठी सरकारी जमीन युनिटमागे एक रुपया घेऊन देण्याची वाटही २०२२ च्या नियमांनी मोकळी केली. कुंभारीसारख्या वस्तीसाठी जिल्हा परिषदेने आणि पालिकेने हद्दीचा वाद न घालता एकत्र अर्ज करावा.

पी. एम. ई-बस सेवा या योजनेत सोलापूरला शंभर विजेच्या बसगाड्याही मंजूर झाल्या आहेत. त्या येतील तेव्हा शहराची शोभा वाढेल, यात शंका नाही. परंतु बस गल्लीच्या तोंडाशी थांबते. तेथून घरापर्यंत रिक्षाच लागते. निधी दिल्लीहून येईल, मुंबईहून येईल. पटांगणाच्या फाटकाची किल्ली रात्री कोणाजवळ राहणार, एवढे मात्र सोलापूरनेच ठरवावयाचे आहे.