कासचं पाणी, बोअरचं पाणी

सातारच्या गच्चीवरचा पालक आणि सांगलीच्या गच्चीवरचा पालक लांबून सारखेच दिसतात: खुरटलेले, पिवळट, महिनाभर जागचे न हललेले. दोन्हीकडचे मालक फोनवर एकच वाक्य बोलतात, "मासे मस्त आहेत हो, झाडंच वाढत नाहीत." आणि दोघंही एकच उपाय करून मोकळे झालेले असतात. माशांचं खाद्य वाढवलेलं असतं.

पाणी आणि पानदेठ तपासणं हा माझा व्यवसाय. बहुतेक काम द्राक्षबागायतदारांचं. गच्चीवरच्या अ‍ॅक्वापोनिक्सच्या टाक्या त्यातूनच मागे लागल्या. मासे आणि भाजी एकाच पाण्यावर वाढवायची ही पद्धत ऐकायला सोपी आहे. मासा खातो, त्याच्या मलमूत्रातून आणि कल्ल्यांतून अमोनिया पाण्यात येतो, एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्रेट, आणि ते भाजीची मुळं उचलतात. नव्या टाकीत हे जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे जातात. तेवढा धीर न धरणाऱ्यांचं मी इथं काही सांगत नाही. ज्यांच्या टाकीला सहा महिने झाले तरी भाजी उठत नाही, त्यांची अडचण वेगळी असते, आणि ती बहुधा नळात किंवा बोअरमध्ये असते.

या विषयावर मोबाइलवर जे व्हिडिओ फिरतात, त्यांतल्या बऱ्याच सल्ल्यांचं मूळ कॅरिबियन समुद्रातल्या सेंट क्रॉय बेटावर आहे. तिथं व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात जेम्स रॅकोसी यांनी अनेक वर्षं खपून ही पद्धत बसवली. त्यांचा नियम असा: पाण्याचा सामू 7 च्या आसपास ठेवा, तो खाली जाऊ लागला की आलटून पालटून कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड घाला, दर तीन आठवड्यांनी लिटरला 2 मिलिग्रॅम या हिशेबानं चिलेटेड लोह द्या. नियम उत्तम आहे. फक्त एक गोष्ट व्हिडिओत कुणी सांगत नाही. त्या टाक्या पावसाच्या पाण्यावर चालत. हाच नियम डोळे झाकून मिरजेच्या बोअरला लावला, तर मुळातच चुना भरलेल्या पाण्यात आणखी चुना पडतो.

सांगली जिल्ह्यातल्या बोअरच्या पाण्याचा सामू 8 किंवा त्याच्याही वर असणं ही नित्याची बाब आहे. एवढ्या सामूला लोह पाण्यात टिकत नाही, गंजून तळाशी बसतं. मग शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तासगाव, पलूस, मिरज या पट्ट्यातल्या कुठल्याही द्राक्षवाल्याला असं पान दाखवा, तो चालता चालता सांगेल, "चुनखडी आहे, लोह लागत नाही." ऊसवाला केवडा पडला म्हणेल. गंमत अशी की हाच माणूस घरी गच्चीवर गेला की ते सगळं विसरतो आणि माशांना आणखी दोन मुठी खाद्य टाकतो. खाद्यात लोह नगण्य असतं. शिवाय सामू 7 वरून 8 वर गेला की त्याच अमोनियातला विषारी भाग सुमारे दहा पटींनी वाढतो. म्हणजे भाजीला फायदा शून्य आणि माशांच्या जिवाला घोर.

मग कुणीतरी हिराकस टाकतो, कुणी गंजके खिळे. ते लोहही तासाभरात तांबडा गाळ होऊन बसतं. कृषी सेवा केंद्रात सहज मिळणारं ईडीटीए लोह सामू साडेसहाच्या वर फारसं टिकत नाही. डीटीपीए साडेसातपर्यंत काम देतं. त्याहून वर फक्त ईडीडीएचए. हजार लिटरच्या टाकीला 2 ग्रॅम लोह हवं. ईडीडीएचएच्या पुडीत 6 टक्के लोह असतं, म्हणजे साधारण 33 ग्रॅम पावडर. पाणी लालसर होईल, पाहुणे विचारतील. माशांना त्यानं काही होत नाही.

पण हे झालं औषध. रोग पाण्यात आहे, आणि कधी कधी खडीत. आपला काळा दगड यासाठी चांगला, मात्र त्यातल्या पांढऱ्या डोळ्यांपैकी काही कॅल्साइटचे असतात, आणि ट्रॉलीतून येणाऱ्या खडीत चुनखडीचे खडे मिसळलेले असतात. मूठभर खडी घेऊन तिच्यावर संडास साफ करायच्या अ‍ॅसिडचे थेंब टाकून बघा. फसफसली तर ती खडी अंगणात पसरा, टाकीत नको. सिमेंटचा नवा हौदही महिनोन् महिने चुना सोडत राहतो. सामू उतरवायला लिंबू किंवा व्हिनेगर वापरलं तर दोन दिवस बरं वाटतं. जिवाणू ते आम्ल खाऊन टाकतात आणि सामू होता तिथं परत येतो. ठिबकसाठी आणलेलं फॉस्फोरिक अ‍ॅसिड चालतं, पण वेगळ्या पिंपात, भरतीच्या पाण्याला. मासे असलेल्या टाकीत थेट कधीच नाही. टाकीचा सामू दिवसाला पाव अंकापेक्षा जास्त हलू देऊ नका.

आता सातारा. शहराच्या ज्या भागाला कास तलावाचं पाणी येतं, तिथं सगळं उलटं आहे. जांभ्याच्या पठारावर पडलेलं ते पावसाचं पाणी, मऊ, त्यात चुना जवळजवळ नाही. रॅकोसींचा नियम खरा लागू पडतो तो इथं. 1 ग्रॅम अमोनिया-नत्राचं नायट्रेट होताना सुमारे 7 ग्रॅम चुनखडीइतकी क्षारता खर्च होते. सांगलीच्या पाण्यात ती शिल्लक भरपूर असते. कासच्या पाण्यात काही आठवड्यांत संपते. सामू घसरत सहाच्या खाली गेला की जिवाणू काम थांबवतात, नायट्रेट तयार होत नाही, आणि भाजी खालच्या जुन्या पानांपासून पिवळी होऊ लागते. पिवळेपणा खालून चढतोय की शेंड्यावरून उतरतोय, एवढं नीट पाहिलं तरी अर्धं निदान झालं.

साताऱ्याची खरी भीती पुढे आहे. आम्लधर्मी पाण्यात अमोनिया साचत राहतो, पण निरुपद्रवी रूपात, त्यामुळे मासे ठणठणीत दिसतात. मालकाला कुणीतरी सांगतं, चुना घाल. तो पानाचा चुना कालवून ओततो, सामू तासात आठावर जातो, साचलेला सगळा अमोनिया विषारी होतो आणि सकाळपर्यंत टाकी रिकामी. म्हणून आधी अमोनिया मोजा, निम्मं पाणी बदला, मग कोंबडीखाद्याच्या दुकानातला शिंपल्यांचा चुरा जाळीच्या पिशवीत बांधून पाण्यात टांगा. पाणी आम्ल होईल तेवढाच तो विरघळतो. नळाच्या पाण्यात टीसीएल असेल, तर ते दिवसभर उघड्यावर ठेवूनच टाकीत घ्या. त्यातला क्लोरीन जिवाणूंना मारतो.

पोटॅश दोन्हीकडे कमी पडतं, कारण माशांच्या खाद्यात ते झाडाच्या गरजेइतकं नसतंच. कृष्णाकाठचं वांगं टाकीवर काढायची सांगलीकरांना भारी हौस. झाड गुडघ्यापर्यंत येतं, पानांच्या कडा करपतात, फुलं गळतात. सांगलीत झिरो-झिरो-पन्नास खत द्या, साताऱ्यात पोटॅशियम बायकार्बोनेट, म्हणजे सामूही सावरतो. एकोणीस-एकोणीस-एकोणीस मात्र टाकीच्या जवळपासही नको. त्यात युरिया आणि अमोनिया दोन्ही असतात.

बाकीची कारणं किरकोळ, पण विचारून घेतो. पालेभाजीच्या एका चौरस मीटरला रोज 40 ते 50 ग्रॅम माशांचं खाद्य पडायला हवं. चार गोल्डफिशवर तीन वाफे पोसत नाहीत. मुळं तपकिरी आणि बुळबुळीत असतील तर गाळ काढा, हवा वाढवा. दाट हिरव्या शेडनेटखाली पालक लांबडा होतो, तो पाण्याचा दोष नाही. आणि बागेला लागून घर असेल, तर छाटणीनंतरच्या फवारणीच्या दिवसांत टाकी झाका. ब्लोअरमधून उडून आलेलं ताम्रयुक्त औषध चिलापीसारख्या चिवट माशालाही झेपत नाही.

दिवाळीनंतर पाणी 17 अंशांच्या खाली गेलं की जिवाणू मंदावतात. त्या दिवसांत भाजी हळू वाढणारच. खाद्य कमी करा आणि मेथी-कोथिंबीर लावा. बोअरवर टाकी चालवणाऱ्यांनी एक काम आताच मनाशी धरावं. येत्या वळवाच्या आधी पन्हळीला पाइप लावून दोन पिंपं भरायची सोय करा, पहिल्या सरीचं पाणी सोडून द्या, आणि पुढचं पाणी बोअरच्या पाण्यात निम्मं-निम्मं मिसळा. अ‍ॅसिडच्या बाटलीपेक्षा ते स्वस्त पडतं.