केळ्याची निर्दोष मुक्तता

वसईच्या माणसाला केळे वर्ज्य व्हावे, यासारखी दुसरी शिक्षा नाही. माझ्या वाट्याला ती बालपणीच आली. दमा म्हटला की केळे, दही, काकडी बंद, हा आमच्या घरचा अलिखित कायदा होता. उन्हात राजेळीची सुकेळी वाळत आणि मी नुसती पाहत राही.

चाळिशीत एका डॉक्टरांनी मला औषधाबरोबर एक वही ठेवायला सांगितली आणि पीक फ्लो मीटर दिले. सकाळ-संध्याकाळ खोल श्वास घेऊन त्यात तीनदा जोराने फुंकायचे, सर्वांत मोठा आकडा लिहायचा व शेजारी त्या दिवसाचे हवापाणी, खाणे, झाडलोट, सर्दी यांची नोंद करायची. तब्येत उत्तम असताना माझा आकडा 400 असे. तो 320 च्या, म्हणजे 80 टक्क्यांच्या खाली आला तर सावध व्हायचे. 200 च्या खाली गेला तर विनाविलंब दवाखाना गाठायचा.

दोन महिन्यांत वही बोलू लागली. पावसाळ्यात माळ्यावरची गोधडी पांघरली, त्याच्या दुसऱ्या सकाळी 290. डासांची कॉइल पेटवली की 300. सर्दी झाली की आठवडाभर घसरण. डॉक्टरांच्या संमतीने केळे खाल्ले, त्या दिवशी मात्र आकडा जागचा हलला नाही! एखाद्याला ते खरोखरच बाधत असेलही; मला बाधत नव्हते.

दमट अंथरुणात डोळ्यांना न दिसणारे किडे आपल्या त्वचेच्या कोंड्यावर पोसले जातात आणि त्यांच्या विष्ठेमुळे श्वासनलिका सुजतात. सुमारे 60 अंश तापमानाच्या पाण्यात ते मरतात. तेव्हापासून चादरी व अभ्रे दर आठवड्याला गरम पाण्यात जातात. कॉइलच्या जागी मच्छरदाणी आली. धूप असलेल्या मिस्सेला मी मागच्या दाराजवळचे बाक धरते.

तरीही केवळ पथ्याने दमा आवरत नाही. आतील सूज उतरवणारा स्टेरॉइडचा पंप डॉक्टर सांगतील तसा, बरे वाटत असतानाही घ्यावा लागतो. 2019 साली दम्याविषयीच्या जागतिक मार्गदर्शनाने स्पष्टच सांगितले, की मोठ्यांनी व किशोरवयीनांनी नुसत्या तात्पुरता आराम देणाऱ्या पंपावर विसंबू नये. स्टेरॉइडच्या नावाने आपण दचकतो. पण 200 मायक्रोग्रॅमची मात्रा म्हणजे एका मिलिग्रॅमचा पाचवा हिस्सा, आणि तीही थेट श्वासनलिकेत. नंतर चूळ भरली की तोंडही येत नाही.

हे सारे आज लिहिण्याचे कारण वेगळे आहे. भाचीचे लग्न ठरत असताना घरातल्या थोरांनी तिला सुचवले, "पंप पर्समध्येच राहू दे, पाहुण्यांना दिसायला नको." तिने ऐकले नाही. मला तिचे कौतुक वाटले. जो पंप दिवसा लपवावा लागतो, तो मध्यरात्री धाप लागल्यावर कोणाच्याच हाती वेळेवर येत नाही. सासरच्या माणसांना तो कुठे ठेवला आहे, हे पहिल्याच दिवशी ठाऊक असायला हवे.